पहिली मूठ

पेठेतली सगळी माणसं तिला आत्या म्हणायची, आणि त्या सगळ्यांपैकी एकावरही आत्याचा विश्वास नव्हता. दूध घेताना ती आधी बोट बुडवून बघायची आणि मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायची. भाजी घेताना तराजूची दोन्ही पारडी उलटी करून खालून तपासायची. नवरा हयात होता तेव्हा तो बिचारा झोपेत हसला तरी त्याला हलवून उठवायची आणि विचारायची, "कोण दिसलं?" तो गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण भिंतीवरच्या फोटोत तो किंचित हसतो आहे, आणि ते हसू कशाचं, हा प्रश्न आत्याच्या मनातून अजून गेलेला नाही.

तिची पिठाची गिरणी पेठेच्या मधोमध होती. पेठ म्हणजे तरी काय, चार दिशांनी आलेल्या माणसांची गर्दी. उताराच्या बाजूला डोंगरातून उतरलेले हमाल राहायचे. धिप्पाड माणसं, बोलणं कमी, आणि खायला जव. कालव्याच्या काठाला समुद्राकडचे लोक, त्यांच्या घराघरांत शिवणयंत्रं आणि तांदळाची पोती. बेकरीवाल्याचे पूर्वज कुठल्या तरी वाळवंटातून आले होते म्हणे. ते गव्हावाचून दुसऱ्या कशाला धान्य म्हणायलाच तयार नव्हते. बंदराकडून आलेले मक्यावर जगायचे आणि हसताना सगळे दात दाखवायचे. प्रत्येकाचा देव वेगळा, डोक्यावर घ्यायचं कापड वेगळ्या रंगाचं, शिवी द्यायची पद्धतसुद्धा वेगळी. सकाळी गिरणीपुढे रांग लागली की उन्हात रंगीत कापडं वाळत घातल्यासारखी ती दिसायची. पण रंग दिसायला छान असले तरी पिठात मिसळलेले कुणालाच चालत नव्हते.

तिथेच खरी मेख होती. दगडाच्या गिरणीत एकाचं दळण संपलं तरी त्याचं मूठभर पीठ दगडांच्या खाचांत अडकून राहतं, आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. जवाचा कण गव्हात, गव्हाचा तांदळात. आत्याच्या वडिलांनी गिरणी घातली तेव्हा ते स्वतःच इथे परके होते. सुरुवातीला कुणी दारात उभं राहायला तयार नव्हतं. "माझ्याआधी कुणाचं दळलंस?" एवढंच विचारायचे आणि उत्तर ऐकून डबा उचलून चालू लागायचे. वडिलांनी मग एक रीत घालून दिली. गिऱ्हाइकाने आपल्या धान्यातली पहिली मूठ वरच्या नरसाळ्यात टाकायची. ती दळून येईल ते पीठ, आधीच्याचं उरलंसुरलं सगळं घेऊन, त्याच्या डोळ्यांदेखत बाजूच्या पत्र्याच्या डब्यात पाडायचं. मग त्याचा डबा तोटीखाली लावायचा. म्हणजे कुणाच्या पिठात कुणाचा कण नाही, आणि सगळ्यांच्या मनाला शांती.

दिवसाअखेरी पत्र्याचा डबा भरायचा. त्यात जव, गहू, तांदूळ, मका, सगळं एकत्र. रस्त्यात समोरासमोर आले तर एकमेकांना वाट द्यायला कुरकुरणारे लोक त्या डब्यात मात्र गुण्यागोविंदाने नांदायचे. आणि ते पीठ खायचं गिरणीवाल्याच्या घराने. आत्या त्यावरच वाढली. कुठल्याही एकाच धान्याची भाकरी तव्यावर टाकली तर तिला ती अळणी लागायची. तिचा पेठेवर विश्वास नव्हता, पण पोटात सगळी पेठ होती. हे मात्र तिच्या कधी लक्षात आलं नाही.

वडिलांकडून तिने दुसरी गोष्ट घेतली ती कान. दोन दगडांमध्ये फट किती ठेवायची हे एका लोखंडी चाकाने ठरतं. नवशिके पीठ चिमटीत घेऊन बघतात आणि चाक फिरवतात. आत्या पिठाला हात लावायची नाही. डोळे मिटून चाक आवळत जायची, आणि दगडांचा आवाज जाड घरघरीवरून एका बारीक, सलग गुणगुणीवर आला की थांबायची. "माझे दगड मला सांगतात," असं ती म्हणायची. ते चाक दुसऱ्या कुणी फिरवायचं नाही, हा कायदा होता. मुलानेसुद्धा नाही. मुलगा मग दूरच्या गावी मालमोटार चालवायला लागला आणि सुटीला येऊ लागला. आणि एका सुटीत येताना बायकोच घेऊन आला. बंदराकडची.

सून हसताना सगळे दात दाखवायची. आत्याच्या मनात पाल चुकचुकली ती तिथपासून.

तसं बोट ठेवायला जागा नव्हती. सून पहाटे उठायची, रांगेतल्या लोकांशी त्यांच्या त्यांच्या बोलीतले दोन शब्द बोलायची, पोती उचलायला मागेपुढे बघायची नाही. पण बोट ठेवायला जागा नाही म्हणजे ती लपवली आहे, असा आत्याचा हिशेब. "एवढी गोड कशाला वागते?" ती फोटोतल्या नवऱ्याला विचारायची. तो नेहमीप्रमाणे हसायचा.

आणि मग यंदा पेठ कुजबुजायला लागली.

आधी आत्याला वाटलं, एखाद-दुसऱ्याची खोड असेल. पण नाही. कालव्याकाठची शिंपीणबाई आणि सून दारात उभ्या राहून बोलत असायच्या, ओठ हलताना दिसायचे आणि शब्द पोचायचा नाही. आत्या जवळ गेली की दोघी तिच्याकडे वळून बघायच्या आणि गप्प व्हायच्या. पूर्वी बेकरीवाला रस्त्याच्या पलीकडून हाक मारायचा ती अख्ख्या पेठेला ऐकू जायची. आता तोही जवळ येऊन, तोंडाशी तोंड आणून पुटपुटायचा. हमाल तर मुळातच कमी बोलणारे. ते आता नुसतेच माना हलवायचे. "सगळ्यांचे घसे एकदम बसले काय?" तिने एकदा ठणकावून विचारलं. रांगेतल्या लोकांनी नुसतं एकमेकांकडे पाहिलं. एकमेकांचं पाणी न पिणारे हे लोक एकमेकांना डोळ्यांनी खुणा करायला लागले म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं तिला पक्कं कळलं.

त्यातच हमालांच्या मुकादमाने तोंड उघडलं. पेठेत त्याला सगळे पहाड म्हणायचे. तो आपला पिठाचा डबा घेऊन परत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "आत्या, पीठ जरा कचकच लागतंय दाताखाली. दगड दगडाला घासतोय का बघ की."

"दगड तुझ्या जवात असतील," आत्या म्हणाली. "आणि तुला पाठवलं कुणी? पुलापलीकडच्या नव्या गिरणीवाल्याने? काय देतो तो तुला?"

"मला कोण पाठवणार, आत्या?"

"मग सुनेने पढवलंय. जा, तिकडेच जा दळायला."

पहाड गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रांगेत उभा होता आणि पिठाबद्दल एक अक्षर बोलला नाही. पुन्हा कुणीच बोललं नाही. तक्रार बंद झाली याचं दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. आत्याची झोप उडाली.

ती आता डोळ्यांत तेल घालून पाहायला लागली, आणि पाहणाऱ्याला दिसतंच. लोक दळणाला धान्य आणत होते ते फुटकं, किडकं, कोंबड्यांपुढे टाकायच्या लायकीचं. गव्हावर जीव टाकणारा बेकरीवाला असले गहू पोटात घालणं शक्यच नव्हतं. म्हणजे चांगलं धान्य दुसरीकडे जात होतं. संध्याकाळी सुनेच्या केसांच्या मुळाशी पीठ असायचं, सकाळी दळण संपल्यावर न्हालेली असली तरी. आणि दुपारी डुलकी काढून आत्या गिरणीत आली की दगड फिरवणाऱ्या पट्ट्याला हात लावायची, तर पट्टा कोमट. गिरणी तर दुपारभर बंद. हे ती शपथेवर सांगायला तयार होती, कारण तिचं घर मागच्याच बोळात, आणि गिरणी चालू असली की घरातली भांडी वाजतात इतका आवाज येतो. चालू असती तर तिला ऐकू आलं नसतं का?

शेवटी एका संध्याकाळी तिने पत्र्याच्या डब्यात हात घातला. सकाळी पडलेलं पीठ तिने पाहिलं होतं, करडं, गरम, काहीसा करपट वास येणारं. संध्याकाळी डब्यात होतं ते मऊ, स्वच्छ, फिकट पिवळसर. पीठ बदललं होतं. ती ज्या डब्यातलं खायची, नेमका तोच डबा कुणीतरी रिकामा करून पुन्हा भरत होतं.

माणूस संशयी असला की त्याला एक सोय असते, उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. सुनेला गिरणी हवी होती. पेठेला तिने गोडीगुलाबीने फिरवलं होतं. आणि म्हातारी मधून निघत नाही म्हणून डब्यात काहीतरी कालवणं चालू होतं. आत्याने त्या दिवसापासून तव्यावरचं खाणं सोडलं. स्वतःच्या हाताने मूठभर गहू उकडायची आणि उरलेल्या दातांनी चावत बसायची. सून ताट घेऊन समोर यायची, ओठ हलवायची, आत्या तोंड फिरवायची. उकडलेले गहू खाऊन तिचं पोट बिघडलं, तेव्हा तिला वाटलं, बघा, विष गव्हापर्यंत पोचलं.

तिने शेजारच्या दुकानदाराकडून मुलाला निरोप धाडला. त्यात दोनच गोष्टी होत्या. रविवारी ये. आणि घरात एक तर ती राहील नाही तर मी. सुनेला तिने तोंडावर सांगितलं, "रविवारी तुझा नवरा येतोय. तुला तुझ्या आईकडे पोचवायला." सुनेने काहीतरी विचारलं. मग पुन्हा विचारलं. मग पदराने डोळे पुसत आत गेली. आत्याला क्षणभर वाईट वाटलं, आणि वाईट वाटावं म्हणूनच ही रडते, हे ध्यानात येताच बरं वाटलं.

फक्त पुरावा हाती नव्हता. मुलगा बायकोवर जीव टाकणारा, त्याच्यापुढे नुसता पट्टा कोमट होता म्हणून भागणार नव्हतं. शनिवारी जेवणवेळ झाली तशी आत्याने चपला घातल्या, बहिणीकडे जाते म्हणून सांगितलं, कोपऱ्यापर्यंत गेली आणि मागच्या बोळातून परत फिरली. गिरणीच्या मागच्या दाराने आत शिरून, शिडी चढून ती माळ्यावर रिकाम्या पोत्यांमागे जाऊन बसली. या वयात गुडघ्यांनी तिला काय काय ऐकवलं ते सांगायला नको. माळ्याच्या फळ्यांत फटी होत्या. खालचं सगळं नीट दिसत होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग समोरचं दार किलकिलं झालं आणि एकेक जण आत यायला लागला. बेकरीवाला, पाठीवर पोतं. शिंपीणबाई, डोक्यावर टोपली. पहाड, एका काखेत त्याचं आणि दुसऱ्या काखेत आणखी कुणाचं. पोत्यांची तोंडं उघडली आणि आत्याने वरून पाहिलं, तर गहू असा की एकेक दाणा मोत्यासारखा. सुनेने बटण दाबलं. माळ्याच्या फळ्या आत्याच्या बुडाखाली थरथरल्या. आणि सुनेने सरळ जाऊन चाकाला हात घातला.

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिथूनच ओरडावं असं तिला वाटलं, पण पुरावा पुरता व्हायला हवा होता. सुनेने चाक फिरवलं, आणि आत्याने पाहिलं, ती ते सैल करत होती. एक फेरा, मग आणखी एक. सकाळी आत्याने ज्या जागी आवळून ठेवलं होतं तिथून कितीतरी मागे. मग सून कान देऊन थांबली. आत्या जशी थांबायची, अगदी तशीच, डोळे मिटून.

पहिली मूठ रीतीप्रमाणे बाजूला पडली. सुनेने ती आणि पत्र्याच्या डब्यातलं सकाळचं करडं पीठ असं सगळं कोंबड्यांसाठी ठेवलेल्या पोत्यात ओतलं. मग दळणं झाली. दळण घेतलेल्या प्रत्येकाने निघण्याआधी आपल्या ताज्या पिठातली एक मूठ त्या रिकाम्या डब्यात टाकली. बेकरीवाल्याने गव्हाची, शिंपीणबाईने तांदळाची, पहाडाने त्याच्या भल्यामोठ्या पंजाने जवाची. सुनेने शेवटी मक्याची टाकली आणि हाताने सगळं मिसळलं. जे लोक एका कणावरून वडिलांच्या दारातून परत गेले होते, त्यांची नातवंडं हौसेने एकाच डब्यात हात घालत होती. आत्या फटीला डोळा लावून बघत राहिली. यात विष कुठे होतं ते तिला दिसेना.

सुनेने बटण बंद केलं. पट्टा थांबला, फळ्यांची थरथर थांबली. आता ही माणसं काय कट करतात ते ऐकायला आत्याने कान टवकारले. खाली बोलणं चालू झालं. बेकरीवाल्याने मान मागे टाकून हसायला सुरुवात केली. शिंपीणबाईने तोंड एवढं उघडलं होतं की तिची पडजीभ दिसावी. दारातल्या कुणाला तरी हाक मारताना पहाडाच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. असं तोंड वासून कुणी कुजबुजत नाही. आणि तरीही आत्याला ऐकू आली ती कुजबुजच. लांबून आल्यासारखी, भिंतीपलीकडून आल्यासारखी.

तिने गुडघा हलवला. पोत्यांच्या टोकाशी ठेवलेलं जुनं लोखंडी वजन सरकलं आणि फळीवरून खाली फरशीवर पडलं. खाली चौघंही दचकून उडाली. शिंपीणबाईने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. आत्याने जे ऐकलं ते एवढंच होतं, कुणी ओलं फडकं टाकावं तसं काहीतरी.

ती तशीच बसून राहिली. घसे कुणाचेच बसले नव्हते. आणि चाक. रोज सकाळी ती दगडांची गुणगुण ऐकू येईपर्यंत आवळत होती, ती येत नव्हती म्हणून आणखी आवळत होती, आणि जेव्हा आली असं वाटत होतं तेव्हा दगड दगडाला खात होता. ती करड्या रंगाची कचकच तिने स्वतःच्या हाताने अख्ख्या पेठेच्या डब्यांत ओतली होती. आणि पेठ ती निमूटपणे कोंबड्यांना घालत होती. पहाड खरं बोलला होता. आत्याला रडू आलं, आणि आपण मोठ्याने रडतोय की हळू, हेही तिला कळेना.

शिडीवरून तिला पहाडाने उतरवलं. सून भिंतीला टेकून उभी होती, चेहरा तिच्या हातावरच्या पिठाइतकाच पांढरा. तिचे ओठ हलले.

"मोठ्यानं बोल," आत्या म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

हे वाक्य तिच्या तोंडून कधी निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. सुनेने जवळ येऊन, कानाशी ओरडून सांगितलं, "तुम्हाला सांगायचं होतं हो आई. पण पहाडकाकांना तुम्ही काय बोललात ते सगळ्यांनी ऐकलं. मग कुणाची छाती होईना. मी म्हटलं, सकाळी आईंचं समाधान होऊ दे, दुपारी आपण दळू. जाते मी उद्या. पिशवी भरून ठेवलीय."

"रिकामी कर," आत्या म्हणाली. "दळणाला पिशव्या कमी पडतायत."

मग ती चाकापाशी गेली आणि दोन्ही हातांनी धरून ते आधी पुरतं सैल केलं. सुनेला तिने मानेने बटण दाबायची खूण केली. पट्टा फिरू लागला. आत्याने डोळे मिटले, जुन्या सवयीने, आणि नुसताच अंधार दिसला.

"काय म्हणतात दगड?" तिने ओरडून विचारलं.

"घरघर करतायत," सून कानाशी ओरडली. "जाड."

आत्याने किंचित आवळलं. "आता?"

"आता बारीक झाला आवाज. सलग. गाणं गुणगुणल्यासारखा. बस, आई. थांबा."

आत्या थांबली. पण हात तिने काढला नाही. सुनेला तिने तांदळाची टोपली आणायला आतल्या खोलीत पिटाळलं, ती पाठमोरी झाली तशी पहाडाची बाही ओढून त्याचा कान जवळ घेतला, आणि तिला वाटलं तेवढ्या हळू, म्हणजे अख्ख्या पेठेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, त्याला तोच प्रश्न विचारला. पहाडाने कान देऊन ऐकलं. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "गुणगुणतायत, आत्या. बारीक."

दोघांचं उत्तर एकच आलं, तेव्हा कुठे आत्याने चाकावरचा हात काढला.